जावईबापूंच्या बंदुकीत वाटाणे

इस्वास ठेवून दाखीव बघू, गं! आमच्या विंझरला शेंगा वाळत घातल्या की वानरं खायाची. म्हनून जावयानं पुण्यावनं छर्ऱ्यांची खेळण्यातली बंदूक आणली. पैलाच छर्रा माझ्या कोंबडीला लागला! जावयाला बोलायचं कसं? म्या गुपचूप छर्रे काढून सुके वाटाणे भरले.

मग बंदूक कदी अडकायची, कदी वाकडी मारायची. बापू मोबाईलात बघून नळी पुसायचे, तेल सोडायचे. म्हनले, "आई, इथली हवाच दमट आहे. नेम डावीकडं जातो."

"व्हय बापू, वानरांना सांगते, दोन हात डावीकडं बसा."

चौथ्या दिशी वानरं शेंगा सोडून अंगणात वाटाणे येचत बसली. बापू छाती फुगवून म्हनले, "बघा, वाचल्या ना शेंगा?"

जा आता घरला. बापू उठायच्या आत बंदूक भरायचीय मला.