न विचारता ठरलेला निरोप

मराठी स्नेहवर्धिनी मंडळाचे अध्यक्ष आदरणीय भालचंद्रराव मुजुमदार, अरेरा कॉलनीतून एवढ्या लांब मुद्दाम आलेले आजचे प्रमुख पाहुणे डॉक्टर नीळकंठ तारे, कार्यवाह संपदाताई, ज्यांच्या शेजारी मला बसवलंय ते माझे यजमान श्री. श्याम सरवटे, आणि समोर बसलेल्या माझ्या भोपाळच्या, सोनागिरीच्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार. मागे खांबाला टेकून उभे आहेत त्यांनाही. अहो, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या की! आपल्या लोकांना पुढच्या रांगेचं काय वावडं आहे कोण जाणे.

आपल्याकडे सपत्नीक सत्कार असला की शाल यजमानांना, साडी आणि ओटी बायकोला, आणि उत्तराचं भाषण यजमानांनी करायचं, ही पद्धत. बायकोनं नारळ सांभाळत हसायचं. यंदा महिला दिन जवळ आला म्हणून संपदाताईंनी ठरवलं, की उत्तर कांचनताईच देतील. हेही मला न विचारताच ठरलं, पण गेल्या पाच महिन्यांत मला न विचारता जे जे ठरलं त्यातलं हे एकच बरं झालं.

भालचंद्रराव आत्ता म्हणाले, सरवटे पतिपत्नी येत्या शनिवारी ओमानला, सोहारला प्रस्थान ठेवत आहेत, आणि तिथे आता कांचनताईंनी सुखानं आराम करावा. टाळ्याही झाल्या. डॉक्टरसाहेबांनी तर माझ्या गुडघ्यांचा दाखला दिला. डॉक्टरसाहेब, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, गुडघे माझे उत्तम आहेत. ते दुखतात ते अशा नक्षीदार खुर्चीवर तासभर बसवलं की.

आता ही सोहारची गोष्ट सुरू कशी झाली? कोजागिरीला आपण सगळे मंडळाच्या गच्चीवर होतो. त्याच्या वर्षभर आधी हे कारखान्यातून निवृत्त झाले होते. मसाला दुधाचा पेला हातात घेऊन हे सहज म्हणाले, "सोहारच्या पॉवर प्लँटमधून विचारणा आहे, तीन वर्षांचं काम. बघू." बघू! शब्द एवढाच होता. पण भालचंद्रराव पेला ठेवून उठले आणि माईकवर जाऊन सांगून आले, "आपले सरवटे दांपत्य परदेशी निघाले!" झालं. लोक हात मिळवायला आले. एकीनं तर मला मिठी मारून डोळे पुसले. मी काय सांगणार? मी ग्वाल्हेरची माहेरवाशीण. आमच्याकडे कुणी तोंडावर अभिनंदन केलं की नाही म्हणायची शिकवणच नाही. मी म्हटलं, "हो ना, बघू या."

दुसऱ्या आठवड्यात मेघाताई घरी आल्या, आमच्या शेजारच्या. म्हणाल्या, "कांचनताई, तुमचा फ्रिज आमच्याकडे ठरला बरं का. दुसऱ्या कुणाला हो म्हणू नका." मी हो म्हटलं. मग दिवाळी पहाटेची जबाबदारी मंडळानं माझ्याकडून काढून दुसऱ्यांना दिली, "तुम्हाला आता दगदग नको" म्हणून. मग बँकेतलं एक तरुण जोडपं आमचं घर भाड्यानं घ्यायचं म्हणून बघायला आलं. त्या मुलीनं माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून मला विचारलं, "आँटी, ये वाली दीवार पर टाइल्स बदलवा लें?" मी चिडले. इतकी चिडले, की तिथेच उभी राहून त्यांच्यासाठी चहा केला.

हसता काय? तुम्हीही हेच केलं असतं.

मी मंडीदीपला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, होते, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. गोळ्यांच्या पट्ट्या यंत्रातून सटासट बाहेर येतात, त्यात एखादं घर रिकामं राहिलं, एखादी गोळी तुटकी गेली, तर ती बाजूला काढायची. लाईनवर माझ्या मुली असायच्या, मुली म्हणजे काहींना सुना आल्यात आता. सकाळी कंपनीची बस, बसमध्ये डबे उघडून कुणी काय आणलंय याची चौकशी, मग टोपी, मास्क, आणि संध्याकाळपर्यंत डोक्याला दुसरा विचार नाही. कुणी म्हणेल, यात काय आहे एवढं? मलाही नीट सांगता येत नाही. मला तिथे बरं वाटायचं. तिथे मी कुणाची वहिनी नसते, काकू नसते. 'कांचन मॅडम को बुलाओ' म्हटलं की मी जाते आणि काम मार्गी लागतं, एवढंच.

तिथेही बातमी पोचली. आपला ओंकार तिथे कार्मिक विभागात आहे, तो बसलाय बघा तिसऱ्या रांगेत, मान खाली घालून. ओंकार, वर बघ रे, तुझ्यावर राग नाही माझा. त्यानं कौतुकानंच सांगितलं सगळ्यांना. एका दुपारी मला कँटीनमध्ये बोलावलं तर केक! त्यावर विमान काढलेलं! मुली रडताहेत, मॅनेजरसाहेब भाषण करताहेत, माझ्या जागी कोण येणार त्या मुलीची ओळख करून देताहेत. मी ओंकारला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, मी राजीनामा कधी दिला?" तो म्हणाला, "काकू, फॉर्मॅलिटी आहे हो. केक झाला की देऊन टाका." आणि मी दिला! केक कापल्यावर राजीनामा देत नाही म्हणायचं कसं, हे मला कळेना.

घरी आले आणि मोरीत नळ सोडून रडले. हे बाहेरून म्हणाले, "पाणी वाया जातंय."

आता यांच्याविषयी बोलते, म्हणजे गैरसमज नको. हे माणूस म्हणून सोनं आहेत. पण निवृत्तीनंतरचं ते वर्ष मी पाहिलंय. पहाटे उठून तयार व्हायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग सोफ्यावर बसून राहायचे. माझे मसाल्याचे डबे उतरवून पुन्हा लावायचे. बाजारात भाजी आणायला गेले की भाजीवाल्याला ट्रान्सफॉर्मर समजावून सांगायचे. जेवताना बोलायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "कांचन, मी कुणाच्या काही कामाचा राहिलो नाही." मला फार तुटल्यासारखं झालं. आणि सोहारहून पक्कं कळलं त्या दिवसापासून हा माणूस पुन्हा शीळ घालायला लागला. मिशीला कलप लावला! मला आनंद झाला. हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

मग मीही हातपाय मारले. म्हटलं, जायचंच आहे तर तिथे काम शोधू. सोहारला औषधांची, खाण्याच्या वस्तूंची पॅकिंगची कामं असतील, माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. कॉम्प्युटरवर मुलाखत झाली. पलीकडे एक गोड मुलगी होती. तिनं विचारलं, "मॅडम, या वयात पुन्हा सुरुवात का करावीशी वाटते?" मी म्हटलं, "बाई गं, मी थांबलेच कुठे आहे?" ती हसली. मग म्हणाली, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? आता चोपन्नाव्या वर्षी बाईनं काय सांगावं? मी म्हटलं, "लाईनवर." त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. तुमचा अनुभव थोर आहे, पण आम्हाला तरुण उमेदवार हवा आहे. आणि शेवटी, तिथे भारतीय महिलांचा क्लब छान आहे, जरूर सामील व्हा. आणखी एका ठिकाणी विचारलं, तिथेही तेच, फक्त क्लबचं नाव वेगळं.

हे मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, बरंच झालं! किती वर्षं राबलीस. आता आराम कर." म्हणाले ते प्रेमानंच. पण मला तो सोफा दिसला, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला माणूस दिसला, आणि त्याच्या जागी मी दिसले. परक्या गावात, खिडकीला जाड पडदे, हे कामावर गेलेले, आणि मी डबे उतरवून पुन्हा लावतेय.

मग मी काय केलं? जानेवारीतलं संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं आणि मी गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांतून फिरू लागले. इथल्या इथे. कुणी म्हणे, "दीदी, आपकी उमर में?" कुणी पाणी दिलं आणि वाटेला लावलं. शेवटी परवा एका मसाल्याच्या कारखान्यात मालकांनी मला सरळ पॅकिंगच्या मशीनपाशी उभं केलं. थोड्या वेळानं म्हणाले, "सोमवार से आ जाइए." पद पूर्वीपेक्षा खालचं आहे, मिरचीनं शिंका येतात. मी बाहेर येऊन रस्त्यात उभी राहिले आणि एकटीच हसले. लोकांना वाटलं असेल, बाईला काही झालंय.

अहो, बसा. बसा ना! सत्काराचं उत्तर चालू असताना व्यासपीठावरून कुणी, यजमानांनीसुद्धा, मध्ये बोलायचं नाही, हा आपल्या मंडळाचा नियम आहे, आणि तुम्ही कार्यवाह होता तेव्हा तुम्हीच तो केलाय. मला आज तेवढाच एक नियम उपयोगी पडतोय. संपदाताई, त्यांना पाणी द्या जरा.

घरी मी सांगायला येते, तर तुम्ही वजनकाट्यावर बॅग चढवता. मी म्हणते, "मला बोलायचंय," तुम्ही म्हणता, "तुझी औषधं हातातल्या पिशवीत ठेव." तुम्हाला कळत नाही असं नाही. तुम्ही ऐकायला घाबरता, आणि मी तुमचा चेहरा बघून गप्प बसते. कोजागिरीपासून तुम्ही मला विचारलंत, कोणती बॅग तुझी. विचारलंत, खिडकीची जागा हवी का. येतेस का, असं एकदाही विचारलं नाहीत. अख्ख्या भोपाळात कुणी विचारलं नाही, मग तुम्हाला एकट्यालाच काय दोष देऊ?

तेव्हा न विचारताच सांगते. तुम्ही जा. मनापासून म्हणते, जा, आनंदानं जा, तुमच्या शिळेसकट जा. रोज फोन करीन, वरण कसं करायचं ते कळवीन, सुट्टी मिळाली की येईन. पण काम नसलं की माणसाचं काय होतं ते तुम्ही वर्षभर भोगलंत आणि मी जवळून पाहिलंय. तेच मला तीन वर्षं भोगायला लावू नका.

भालचंद्रराव, असे घाबरू नका. मंडळाला अडचणीत टाकायचा हेतू नाही. साडी फार सुंदर आहे, ती मी ठेवते. मेघाताई, फ्रिजचं मात्र आता जमणार नाही. त्या बँकेतल्या पोरांना मीच दुसरं घर शोधून देईन.

आपण सर्वांनी आमच्यावर जे प्रेम केलंत, त्याला खरंच तोड नाही. त्या प्रेमापुढेच तर माझी इतके दिवस वाचा बसली होती. अध्यक्षमहाराज, पाहुणे, ज्यांनी हॉल सजवला ती मुलं, ज्यांनी पोह्यांची कढई अजून गरम ठेवली आहे त्या सगळ्या जणी, सर्वांची मी मनःपूर्वक आभारी आहे. बोलण्याच्या भरात मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, व्यासपीठावर घरचं बोलू नये ते बोलले असेन, तर आपली लेक समजून पोटात घाला.

शनिवारी सकाळी विमानतळावर ज्यांना यांना पोचवायला यायचं असेल, त्यांनी अवश्य या. मीही येणार आहे, पोचवायला.

नमस्कार.