मोबाईल खिचडीत पडणेबाबत

दैवशाला : राजीनामा दिला मी, शिवा. बावीस वर्षांची अंगणवाडी आज संपली.

शिवप्रसाद : अभिनंदन, बाई. कुणाकडं दिलात?

दैवशाला : कुणाकडंच न्हाई. असं काई झालंच न्हाई. तू आदी ह्यो मोबाईल बघ.

शिवप्रसाद : ज्या कागदात गुंडाळलाय, त्याच्यावर ‘राजीनामा’ लिहिलंय की.

दैवशाला : हाताला तोच कागद लागला. पूस अन् चालू होतो का सांग.

शिवप्रसाद : मी ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटरवाला हाय, बाई. मोबाईलवाला बोरीला बसतो.

दैवशाला : तो लय इचारतो, काय झालं, कसं झालं.

शिवप्रसाद : बरं, न्हाई इचारत. चार्जिंगच्या भोकात मुगाची डाळ कशी काय?

दैवशाला : खिचडीत पडला. मदतनीस कस्तुराबाई ढवळायलती, मी वरून फोटो काढायलते. शिजतानाचा एक, वाढतानाचा एक, खातानाचा एक. आता तर लेकरानं कॅमेऱ्याकडं बघून डोळे मिचकावले तरच जेवण धरतेत. रंगनाथचं पोरगं मिचकावतच न्हाई. काल दोनदा जेवलं, तरी मोबाईलात उपाशी.

शिवप्रसाद : ह्याला तांदळात पुरावं लागंल. दोन दिवस.

दैवशाला : तांदूळ अंगणवाडीत हाय, पर रजिस्टरला नोंद लागती. लाभार्थी कोण लिहू?

शिवप्रसाद : मोबाईलच लिहा. वजन दोनशे ग्रॅम. श्रेणी, तीव्र कमी वजन. उद्यापासून गृहभेटी सुरू.

दैवशाला : तू माझ्याच अंगणवाडीत होतास ना रे?

शिवप्रसाद : तीन वर्षं. तवा तुमी गोष्टी सांगायच्या.

दैवशाला : तवा रजिस्टर दोन होते. आता अकरा हायेत, वर हे डबडं. तितं भरते, घरी भाकरी थापता थापता भरते. काल मालक म्हणले, जेवलीस का? मी म्हणलं, ओटीपी सांगा.

शिवप्रसाद : म्हणून राजीनामा.

दैवशाला : त्यानं न्हाई. त्याची सवय झालीय. सकाळी ग्रुपवर सुपरवायझर म्याडमचा मेसेज आला, ‘धकाधकीच्या जीवनात आनंद शोधा.’ खाली गुलाब. गुलाबाच्या खाली, ‘आनंद शोधल्याचा फोटो चार वाजेपर्यंत टाकावा.’ तितंच पालथं रजिस्टर मांडीवर घेतलं अन् राजीनामा लिहिला.

शिवप्रसाद : मंग अडलं कुठं?

दैवशाला : मोबाईल पडला की. दोन तास भरायला काईच न्हाई. लेकरं माझ्याकडं बघायलेत, मी लेकरांकडं. किती दिवसांनी त्यांना बिनचौकटीचं बघितलं. कसनुसं झालं. काईतरी करावं म्हणून गोष्ट सांगाया लागले.

शिवप्रसाद : कोणती?

दैवशाला : येईल तशी. म्हशीला तहसीलात नोकरी लागती. पहिल्या दिवशी जाती तर दार बारीक. अर्धी आत, अर्धी भाईर. साहेब म्हणतेत, जेवढी आत आलीय तेवढीची हजेरी लावा.

शिवप्रसाद : मागच्या अर्धीची रजा मंजूर झाली का?

दैवशाला : गप. तितंच मी अडकले, पुढचं सुचंना. तर कोपऱ्यातून आवाज आला, ‘मंग?’

शिवप्रसाद : कुणाचा?

दैवशाला : वैष्णवीचा. नर्मदाबाईची नात.

शिवप्रसाद : ती तर बोलत न्हाई.

दैवशाला : दिवाळी झाली, आई-बाप ऊसतोडीला गेले, तवापासून चकार शब्द न्हाई. आजीशी न्हाई, माझ्याशी न्हाई. आज बोलली.

(शिवप्रसाद सुईनं डाळ काढतो आहे.)

शिवप्रसाद : फोटो?

दैवशाला : कशानं काढू? मोबाईल खिचडीत होता.

शिवप्रसाद : म्हणजे रेकॉर्डला असं काई झालंच न्हाई.

दैवशाला : न्हाई.

शिवप्रसाद : तुमी काय म्हणलात तिला?

दैवशाला : म्हणलं, उद्या सांगते. अन् तिनं मान हलवली रे, हो म्हणून.

शिवप्रसाद : बाई.

दैवशाला : काय?

शिवप्रसाद : वाईट बातमी हाय. चालू झाला. सत्तेचाळीस मेसेज आलेत. पहिलाच, ‘आनंदाचा फोटो अप्राप्त. खुलासा सादर करा.’

दैवशाला : परत बंद पडत न्हाई का?

शिवप्रसाद : सरकारी हाय, बाई. नुसता दमतो, मरत न्हाई.

दैवशाला : माझ्यासारखाच हाय मंग. दे इकडं... थांब. तो कागद फेकू नको. मागची बाजू कोरी हाय का?

शिवप्रसाद : हाय. थोडी हळद लागलीय.

दैवशाला : चालंल. लिही, तुझं अक्षर बरं हाय.

शिवप्रसाद : लिहितो. ‘विषय : मोबाईल खिचडीत पडणेबाबत. महोदया, सविनय सादर करण्यात येते की, सदर मोबाईल उद्यापासून दर मंगळवारी अकरा ते एक या वेळेत खिचडीत पडण्यास परवानगी मिळावी.’ कारण काय टाकू?

दैवशाला : टाक. ‘म्हैस अद्याप दारातच उभी असून एक लाभार्थी पुढचं ऐकण्यासाठी थांबलेली आहे. तरी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.’