भागूचा वाटा

ऐका, आणि काटक्या नंतर घाला रे शेकोटीत, आधी ऐका. ही आपल्या डोंगरापलीकडच्या खेवजीची गोष्ट.

तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. सांबर मारलं की सगळ्या वाडीला वाटा. आणि वाटेत जो कुणी भेटेल, त्यालाही! ओळखीचा असो, नसो. नाही म्हणायचं नाही, असा रिवाज.

पण खेवजीची बायको भागू पोटुशी. तिला डोहाळे सांबराच्या मटणाचे. दुसरं काही पोटात ठरेना. पोर वाळून गेलेली. खेवजीनं विचार केला, वाडीबरोबर गेलो तर मूठभर मिळणार. एकटाच जातो!

"एकटे नका जाऊ हो," भागू म्हणाली. "मला काही नको."

"गप गं. तू चूल पेटवून ठेव."

दिवस मावळला आणि हा निघाला, खांद्यावर ठासणीची बंदूक. पाणवठ्याजवळ दबा धरून बसला. चांदण्यात सांबर आलं. एकच बार! पडलं. पण एवढं जनावर एकट्याला उचलतंय होय? एक तंगडी तोडून घेतली, बाकीचं फांद्यांखाली झाकलं आणि घाटीची वाट धरली.

वाटेत उंबराखाली एक म्हातारा, घोंगडीत गुरफटलेला. "शिकार झाली? वाटा दे."

नाही कसं म्हणणार? कापून दिला. म्हाताऱ्यानं हात पुढं केला, तेव्हा कसलीशी किणकिण झाली.

पुढं गेला, तर पुन्हा उंबर. तोच! खाली एक गुराखी, अंगावर तीच घोंगडी. "वाटा दे." दिला. पुन्हा किणकिण. मटण कमी झालं, आणि ओझं? दुप्पट! खांदा मोडायला आला. चालतोय, चालतोय, आणि परत उंबर! आता खाली बाई. तिनं हात पुढं केला. हातभर हिरवा चुडा!

अळवंतीण! पोटुशी असतानाच गेलेल्या बाईचं भूत, बाळांनो.

"वाटा दे. नाहीतर तू ये."

बोलता बोलता उंबराएवढी झाली की हो ती! खेवजीचे पाय जागीच खिळले. खांद्यावरचं ओझं उतरवून बघतो, तर हातात एवढासा तुकडा उरलेला. देऊन टाकला असता तर सुटला असता. पण त्यानं तो छातीशी धरला आणि रडायलाच लागला.

"हा नाही देणार! हा भागूचा. मला ने, पण एवढं तिच्या चुलीपाशी पोचव."

किणकिण थांबली.

"कितवा?"

"आं?"

"महिना रे, मेल्या!"

"आठवा."

बाई खाली खाली आली, माणसाएवढी झाली. "माझाही आठवाच होता," म्हणाली. "आणि अशा बाईला एकटी टाकून तू रानात हिंडतोस? पळ! मागं बघशील तर ठेवून घेईन!"

पळाला! काट्याकुट्यातून, पडत, धडपडत, पहाटे दारात येऊन कोसळला. भागूनं आधी पाणी पाजलं, मग सगळं ऐकून शिव्या घातल्या, मग तुकडा शिजवला. अर्धा खाल्ला, अर्धा पानावर काढला.

"हे कुणाला?"

"तिलाही डोहाळे लागले असतील. पुरवले की नाही कुणी, कुणाला ठाऊक."

उन्हं वर आल्यावर सगळ्या वाडीनं जाऊन सांबर आणलं. भागूचं पान उंबराखाली ठेवलं.

म्हणून सांगते, रात्रीचं त्या घाटीनं जाऊ नका. खेवजीला तिनं सोडलं, तुम्हाला सोडेलच असं नाही. आणि घरात कुणी पोटुशी असेल, तर कुठल्याच वाटेनं जाऊ नका. तिच्याजवळ बसा.