चौथा अर्ज

विश्रांतवाडीच्या बसथांब्यावर, करंजाच्या सावलीत, मागच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक झाडाला पाणी घालणाऱ्या आजींशी बोलत होते.

"अहो, हा करंज आपणच लावलात का?"

"व्हय. उद्यान खात्यात माळीकाम करत व्हते मी."

"मग हात जोडतो. हा तोडा म्हणून मी तीन अर्ज दिले होते. दुकानाची पाटी दिसेना."

"ठावं हाय. म्हनून तर खालच्या फांद्या छाटल्या मी. पाटी दिसली, तुमचे अर्ज थांबले."

"मला वाटलं, अर्ज कुणी वाचतच नाही! आता उन्हातलं गिऱ्हाईक आधी इथं टेकतं, मग दुकानात येतं. काल चौथा अर्ज दिलाय."

"आता काय झालं?"

"रस्ता रुंद करणार आहेत. माझी पायरी घ्या, पाटीही काढा, पण करंजाला हात लावू नका, असं लिहिलंय."