दिगूकाकांनी उघडलेली नळी

माझ्या पीएचडीला तुम्ही हसताच, तर हेही ऐकून घ्या. मी प्लास्टिकमध्ये बारीक माती मिसळते आणि ती सगळीकडे सारखी पसरली की नाही, ते एनएमआर मशीनवर तपासते. त्यासाठी नमुना बोटाच्या पेराएवढ्या नळीत ठासून भरायचा. मशीन ती नळी सेकंदाला दहा हजार वेळा फिरवतं, त्यामुळे तिच्यावर साधा ओरखडाही चालत नाही. लॅबमध्ये अशी नळी एकच, आणि मी घाईत तिच्यात चुकीचा नमुना भरून बसले. झाकण काही केल्या निघेना, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर माझा नंबर.

आई म्हणाली, “सराफ्यात दिगूकाकांकडे जा ना. माझ्या कुडीची अडकलेली फिरकी त्यांनीच काढली होती.”

आमच्या या सोनारकाकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण अलगद काढून दिलं. मी त्यांच्या पायाच पडणार होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “कशाची गं ही?”

“झिरकोनियाची.”

“मतलब नकली हिऱ्याचीच. आणि आत?”

“प्लास्टिक. माती मिसळलेलं.”

“माती कोणी मिसळली?”

“मीच.”

“मग मशीनवर काय बघतेस?”

“नीट मिसळली की नाही, ते.”

काकांनी भिंग खाली ठेवलं, शेजारच्या दुकानाकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, “बेटा, आमच्याकडे एवढ्यावर दुकान उठतं. तुमच्याकडे डॉक्टर करतात?”