कळा डावा पडला

माजं नाव शांताराम गुरव, पण शांताराम म्हणून हाक मारणारी माणसं आता एखाददुसरं सोडून वर गेली, गावात सगळे गुरवबाबाच म्हणतात. बसा ताई, आदी पाणी घ्या, पूर्णगडच्या बाजूनं चढून आलात म्हंजे दमलात असणार, हा चढ भल्याभल्यांना बसवतो. आमी वाघजाईचे पुजारी. माजा आजा, मंग बापूस, मंग मी. पूजा करायची, दिवा लावायचा, सणावाराला ढोल वाजवायचा आणि कोणाला काय अडलं तर देवीला कौल लावायचा, ह्यातच आमच्या पिढ्या गेल्या, दुसरं काय आमाला येतच नाय.

कौल कसा ते आदी सांगतो, नायतर पुढचं तुम्हाला उमगायचं नाय. देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची, तिला आंघोळ घालायची आणि ती ओली असतानाच तिच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक असा तगरीचा कळा, म्हंजे कळी, चिकटवायचा. मंग गाऱ्हाणं घालायचं, म्हंजे देवीला आपलं अडलेलं सांगायचं, आणि हात जोडून गप उभं राहायचं. उजवा कळा आदी पडला तर देवी व्हय म्हणली, डावा पडला तर नको म्हणली. मदलं काय नाय. कोणाची म्हस हरवली, कोणाला विहीर खणायची, कोणाच्या मुलीचं जमत नाय, सगळे येतात. आणि मी पन्नास वर्सं कौल लावतोय पण एक कौल खोटा सांगितलेला नाय. मागं एका सरपंचानं पाच माणसांदेखत मला डोळा मारलान, बाबा जरा उजवा काढा, म्हणजे माज्या जागेत विहीर होईल. डावा पडला, मी डावाच सांगितला. दोन वर्सं तो माज्याशी बोलला नाय, माजं काय अडलं नाय.

माजं स्वतःचं पण कौलावरच ठरलं, ते सांगायचं राहिलं. मी सातवी पास झालो तेव्हा मास्तर घरी येऊन बापसाला सांगून गेले, पोराला डोकं हाय, पुढं रत्नागिरीला घाला. बापसानं काय केलंन, सरळ देवीला इचारलंन. मी बाजूला उभा व्हतो, मी माज्या डोळ्यांनी बघितलं, डावा पडला. बापूस म्हणला, देवीची इच्छा. मी पण तसंच म्हटलं, तेरा वर्सांचा पोर काय म्हणणार. दुसऱ्या दिवशी ढोलाला बसलो. वाईट वाटलं काय इचाराल तर वाटलं, पण ते कोणाला सांगायचं असतं हेच मला ठावं न्हवतं.

आता प्राचीचं सांगतो, ज्याच्यासाठी तुम्ही आलात. प्राची माजी नात. माजा मुलगा दिलीप मुंबईला कंपनीत हाय, सून नि नात हितं माज्याकडं. पोरगी बारावीला सायन्सला, रोज एसटीनं रत्नागिरीला जाऊन येऊन शिकली. तिला डॉक्टर व्हायचंय. का गो, मी इचारलं. तर म्हणते, आबा, आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर येतात आणि सहा महिन्यांत बदली मागतात, मी मागणार नाय. एवढंच बोलून गेली चहा ठेवायला.

त्यासाठी ती मोठी परीक्षा असते, सगळ्या देशाची एकच, तुम्हाला काय सांगायला नको. क्लास लावायचा तर रत्नागिरीत राहायला पायजे, ते काय जमणारं न्हवतं. मंग ती मोबाईलवर शिकायची. पण आमच्या घराकडं रेंज नाय, रेंज येते ती वर सड्यावर, कातळाच्या माळावर, देवळाच्या सभामंडपात, ती पण डाव्या बाजूच्या खांबाशी. पोरगी कॉलेजातून आली की चार घास खाऊन पुस्तकं घेऊन देवळात. मी सांजची दिवाबत्ती करायला जायचो तर ही खांबाला टेकून, मांडीवर वही, तोंडानं पुटपुटते. पयल्यांदा मला वाटलं स्तोत्रं म्हणते. जवळ जाऊन ऐकलं तर बेडकाच्या पोटात काय काय असतं ते म्हणत व्हती.

दर रविवारी ती खरी परीक्षा असल्यासारखी परीक्षा द्यायची. कागद पुढं घ्यायचा, तीन तास उठायचं नाय, पाणी प्यायचं नाय. वेळ बघायला मी. माज्या हाताला दिलीपनं दिलेलं घड्याळ, मी कासवासारखा पायरीवर बसून राहायचो आणि तीन तास झाले की म्हणायचो, ठेव पेन. एका प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एक खरं, आणि त्याचा गोल काळ्या पेनानं भरायचा. मी म्हटलं, आमची देवी बिचारी दोनात सांगते, तुज्या सरकारला चार लागतात. आणि चुकलं तर मार्क कापतात, पण सोडून दिलं तर कापत नाय. हे मला लय आवडलं. न येणाऱ्यानं गप बसावं, हा कायदा ग्रामसभेत पण लावायला पायजे.

तर गंमत अशी की रविवारीच देवळात माणसं जास्त. आला की घंटा. टण्ण. पोरगी दचकायची आणि चालू गणित परत पयल्यापासनं मांडायला लागायची. तीन-चार रविवार मी बघितलं, मंग एक दिवस उठलो, माज्या जुन्या धोतराची पट्टी फाडली आणि घंटेची लोळी, म्हंजे आतला लोलक, बांधून टाकली. माणसं यायची, घंटा हलवायची, आवाज नाय, आणि माज्या तोंडाकडं बघायची. मी ओठावर बोट ठेवायचो. काय जण समजून घ्यायचे, बायका तर चपला पण हळू काढायच्या. पण मानकरी कुठं ऐकतात. चौघे आले माज्यासमोर, म्हणाले, गुरवबाबा, देवीची घंटा बांधायला देऊळ तुमच्या बापसाचं काय? मी म्हटलं, बापसाचं नाय, बाईचं हाय, आणि बाईला पोरीचा अभ्यास चालतो. बोलून गेलो खरा. पन्नास वर्सांत असलं मी कदी केलं न्हवतं.

परीक्षा झाली. निकाल लागला, मार्क कमी पडले. पोरगी रडली नाय, आईच्या हातातलं भांडं घेऊन घासत बसली, घासलेलंच परत घासत. तिला आणखी एक वरीस घरी बसून परत द्यायची व्हती. दिलीप फोनवर म्हणाला, गॅप नको, रत्नागिरीत बीएस्सीला नाव घालू, शनिवारपर्यंत मुदत हाय. सून मधीच, ना हिकडं ना तिकडं. मंग दिलीपच म्हणाला, बाबा, तुम्ही कौल लावा, देवी उजवा देईल तर एक वरीस थांबू दे, डावा देईल तर शनिवारी फॉर्म. माज्या मुलानं माज्याच धंद्यात मला अडकवलंन बघा.

शुक्रवारी सकाळी आंघोळ केली. देवीला आंघोळ घातली. कळे मी स्वतः निवडले, दोन्ही सारखे, तुम्हाला सांगतो, आयुष्यात पयल्यांदा मी उजवा कळा थोडा हलक्या हातानं लावला काय असा माजा मलाच संशय आला, म्हणून काढले आणि परत लावले. गाऱ्हाणं घातलं, बाय माजे, ही पोर परत बसली तर पास होईल काय, व्हत असंल तर उजवा दे. पोरगी मागं उभी. लय वेळ काय पडेना. आणि मंग डावा पडला.

पयला इचार आला तो घंटेचा. म्हटलं, मी लोळी बांधली म्हणून बाई रुसली, आणि राग काढलान तो पोरीवर. मागं वळून बघवेना. खोटं सांगायचं एका शब्दाचं काम व्हतं, तिनं डोळे मिटलेले, तिनं काय बघितलं न्हवतं. तो शब्द तोंडात आला हे मी तुमच्यापाशी कबूल करतो. पण नाय जमलं. म्हटलं, प्राची, डावा पडला गो.

तिनं डोळे उघडले. मंग हळूच म्हणाली, आबा, तुम्ही काय विचारलंत? मी सांगितलं, तू पास होशील काय ते इचारलं.

म्हणाली, हे तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं होतं? पास व्हायचं की नाही ते माझं काम आहे, ते देवीला कशाला विचारायचं? मला एक वर्ष पाहिजे. आणि ते देवीकडे नाही, तुमच्याकडे आणि बाबांकडे आहे.

ताई, मी तसाच गाभाऱ्यात उभा. मला माजा बापूस दिसला. तो माज्यावेळी काय म्हणला व्हता ते पन्नास-साठ वर्सांनी मला त्या दिवशी आठवलं. पोरगा रत्नागिरीला गेला तर बाय तुजी सेवा कोण करील, पाठवू काय, असं त्यानं इचारलंन व्हतं. आता देवी त्याला दुसरं काय सांगणार? बापूस वाईट न्हवता. मला सोडायची भीती त्याला व्हती, आणि ती त्यानं देवीच्या पायाशी नेऊन ठेवलीन. मी पण तेच केलं. पोरगी पुन्हा पडेल ही माजी भीती, आणि इचारलं देवीला.

देवळातनंच फोन लावला, त्याच खांबाशी उभं राहून. म्हटलं, दिलीप, कौल डावा झाला. तो म्हणाला, मंग झालं तर, उद्या फॉर्म. मी म्हटलं, ऐक. देवी म्हणली पास होणार नाय. अभ्यास करू नको असं बाई म्हणलेली नाय, ते मी इचारलेलंच नाय. वरीस मी देतोय पोरीला, मी, तिचा आजा. तो म्हणाला, बाबा, तुम्ही डावा कौल मोडताय? मी म्हटलं, मोडत नाय, मानतो, आणि तरी वरीस देतो. सून देवळाच्या पायरीशी येऊन मागनं ऐकत व्हती, तिनं पदर डोळ्याला लावलान, मला वाटलं रागावली, तर सांजला माज्या ताटात तिनं कुळथाच्या पिठीवर एक चमचा तूप जास्त घातलंन.

वरीसभर पोरगी पुन्हा त्याच खांबाशी. मी पट्टी घेऊन गेलो तर म्हणाली, आबा, बांधू नका, वाजू दे. परीक्षेला कोणी खोकणार, कोणी खुर्ची ओढणार, सवय झालेली बरी. घंटा वाजायची, ती मान वर करायची नाय. माज्यावर गावानं बोलायचं ते बोलून घेतलंन, गुरवच कौल पाळत नाय तर आमी कशाला पाळायचा. एक दोघांनी कौल लावायचं बंद पण केलं. मला लागलं ते. पोरीला कळू दिलं नाय, पण तिला कळलं, कारण त्या आठवड्यात ती रोज माज्यासाठी फुलं काढून ठेवायला लागली, अभ्यासाचा वेळ मोडून. मी ओरडलो तिला, तुजं काम हे नाय म्हणून.

परीक्षा रत्नागिरीत व्हती, मी बरोबर गेलो. दारावर तपासत व्हते, हातात गळ्यात काय नको. तिच्या मनगटाला मी देवीचा दोरा बांधला व्हता. पोरीनं कोणी सांगायच्या आदीच सोडलान आणि माज्या हाताला बांधलान, म्हणाली, आबा, तुम्हाला जास्त गरज आहे. हसली आणि आत गेली. मी भिंतीच्या सावलीला बसून घड्याळ बघत राहिलो. तीन तासांनी तोंडातनं आपोआप आलं, ठेव पेन. शेजारचा बाप माज्याकडं बघायला लागला. पोरगी बाहेर आली ती म्हणाली, भूक लागली. कसं गेलं ते मी इचारलं नाय, तिनं सांगितलं नाय, आमी दोघांनी मिसळ खाल्ली.

आता निकाल पुढच्या आठवड्यात. गावात एकच गोष्ट चाललीय, कौल खरा पडतो काय खोटा. पोरगी पडली तर म्हणणार देवीनं आदीच सांगितलंन व्हतं. पास झाली तर म्हणणार गुरवाचा कौल खोटा, मंग पन्नास वर्सांचं माजं सगळंच गेलं. दोन्हीकडनं माजीच फजिती. काल माजा एक सोबती म्हणाला, शांत्या, तुला नक्की काय व्हायला पायजे? मी त्याला उत्तर दिलं नाय.

तुम्हाला देतो. आज सकाळी पूजा झाली, कळे लावले नायत, काय इचारायचं न्हवतं. नुसतं गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, बाय माजे, आजवर तू जे बोललीस ते मी तसंच सांगितलं, माज्यासाठी तुज्याकडं कदी काय मागितलं नाय. आता एकदा मागतो. माज्या पोरीसाठी एकदा खोटी पड. गाव मला काय म्हणायचं ते म्हणू दे, तू खोटी पड. गाऱ्हाणं झालं की मागं उभ्या असलेल्या माणसांनी व्हय म्हाराजा म्हणायचं असतं, त्याशिवाय ते पुरं होत नाय. देवळात दुसरं कोण न्हवतं. मंग ते पण मीच म्हटलं.