हिरवे धागे

मॅडम : ...आणि चार वर्षं नुसतं मोजायचं म्हणे! पिण्याच्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण किती, ते दर महिन्याला कळवा. किती असले तर चालतील, हे मात्र कायद्यात कुठेच नाही. कसं असणार? लिहिणाऱ्यांनी जन्मात कधी नदीचं पाणी बाटलीत भरलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या! मामा, ऐकताय ना?

मामा : ऐकतोय. हात फ्लास्कमध्ये आहेत, कान मोकळेच आहेत.

मॅडम : हा तक्ता बघा. सतरा रकाने. त्यात हा दीडशहाणा रकाना, ‘कोरा नमुना’. म्हणजे आपल्या यंत्रातलं शुद्ध पाणी घ्यायचं, नदीच्या पाण्यासारखंच गाळायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ज्यात काही नाही हे ठाऊक आहे, त्यात काही नाही हे बघत बसायचं. बिनडोक लेकाचे!

मामा : मग तुम्ही त्यात काय लिहिता?

मॅडम : शून्य. पाच महिने झाले, शून्य.

मामा : न बघताच?

मॅडम : मामा, तुम्ही भांडी घासा.

मामा : घासतोच आहे. चोवीस वर्षं झाली. तेवढे हे तीन गाळणकागद बघता का?

मॅडम : चिठ्ठ्या कुठायत यांच्यावर? सांगून सांगून जीभ झिजली माझी. आणा इकडे.

(सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते.)

मॅडम : हिरवे धागे. सात... नऊ... यात अकरा. बघा! तेच धागे, त्याच कापडगिरणीचे. नोटीस लावून दहा दिवस बंद ठेवली, तरी नदीत सोडतायत. निर्लज्जपणाची कमाल आहे. कुठल्या घाटावरचं पाणी हे?

मामा : घाटावरचं नाही. आपल्या यंत्रातलं.

मॅडम : काहीतरीच काय!

मामा : तीन दिवस, रोज एक. काच मी धुतली, गाळलं तुमच्याच टेबलावर. तुम्ही शेजारी उभ्या होतात. फोनवर खात्यातल्या कुणाचा तरी उद्धार चालला होता.

मॅडम : एक मिनिट. तुमचा जावई त्या गिरणीत आहे ना?

मामा : आहे. दहा दिवस बाकीच्यांबरोबर फाटकावर बसलाय.

मॅडम : अच्छा! म्हणून हे उपद्व्याप. जावयासाठी माझ्या कामात खोट काढायची. बाटल्या विसळता विसळता शास्त्रज्ञ झालात की काय?

मामा : जावयासाठीच केलं. म्हणूनच तीनदा केलं. एकदाच केलं असतं, तर माझाच माझ्यावर भरवसा बसला नसता. आता हा चौथा बघा. रविवारचा.

मॅडम : यात... यात काहीच नाही.

मामा : नाही ना?

मॅडम : पाणी तेच? काच तीच?

मामा : सगळं तेच. फक्त तुम्ही नव्हता. आणि तुमच्या अंगावरचं हे हिरवं जॅकेट नव्हतं.

मॅडम : हे? अहो, हे खात्यानेच दिलंय. याच कायद्याच्या प्रशिक्षणात! प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून केलंय म्हणून टाळ्या वाजवून वाटलं सगळ्यांना. मी तिथेच हसले होते त्यांच्या अकलेला.

मामा : हसलात, आणि घातलंत.

मॅडम : एसी किती गार असतो इथे!

मामा : खिडकीपाशी या. उन्हात बाही झटका जरा.

मॅडम : अरे देवा. किती हिरवे धागे उडतायत!

मामा : असं आहे. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून.

मॅडम : मी लिहून दिलंय, मामा. हिरवे धागे गिरणीचेच. खाली माझी सही. त्यावरूनच नोटीस निघाली.

मामा : गिरणी धुतल्या तांदळासारखी आहे, असं मी म्हणत नाही. तिचंही असेल काहीतरी पाण्यात. पण ते किती, हे आता कोण सांगणार?

मॅडम : कुणीच नाही. पाच महिने पाण्यात गेले. तो रकाना... त्या रकान्यात हेच कळलं असतं.

मामा : बिनडोकांनी एक रकाना बरोबर घातला होता.

मॅडम : तुम्ही पहिल्याच महिन्यात का नाही बोललात?

मामा : बोललो होतो. मॅडम, तुमच्या जॅकेटची कुसं पडतायत टेबलावर, म्हटलं. तुम्ही म्हणालात, भांडी घासा. आठवलं?

मॅडम : आठवलं. चुकलंच माझं. फोन द्या तो. आत्ता कळवते खात्याला, अहवाल चुकलाय, नोटीस मागे घ्या म्हणून. पोट धरून हसतील मेले.

मामा : हसू देत. तुम्ही काय कमी हसलात त्यांना?

मॅडम : फोन झाला की सगळे नमुने पुन्हा घ्यायचे. पहिला कोरा. धुतलेले फ्लास्क इकडे द्या.

मामा : नाही देणार. आधी ते जॅकेट दाराबाहेर ठेवून या.

मॅडम : गारठून जाईन हो, मामा.

मामा : लागेल थोडं गार. फाटकावर बसलेल्यांनाही रात्रीचं लागतंच आहे.